गच्चीची किल्ली वस्तीतल्या मुलांना द्या

महोदय,

महाविद्यालयं उघडली की राष्ट्रीय सेवा योजनेची पथकं वृक्षारोपणाला निघतात. खड्डे बहुतेकदा गेल्या वर्षीचेच असतात, त्यामुळे खणण्याचे कष्ट तेवढे वाचतात! या योजनेत विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास असं दोन वर्षं काम करायचं असतं. मुंबईतल्या महाविद्यालयांनी यातले निम्मे तास तरी आपल्या दत्तक वस्तीतल्या गच्च्यांवर भाजी पिकवायला द्यावेत, असं मला सुचवायचं आहे.

गच्चीच का, तर गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन इमारती जाऊन पाहाव्यात. दोन इमारतींत अंतर इतकं कमी, की खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. ऊन काय ते वरच. शेजारी १९२७पासूनची देवनारची कचराभूमी. तिथल्या जमिनीत पालक लावून तो लहान मुलांच्या ताटात वाढायला माझं मन धजत नाही. गच्चीवर माती आपण स्वतः करतो. शेतीत प्रयोग करणाऱ्यांना एकत्र आणणाऱ्या श्री. अ. दाभोलकरांच्या ‘प्रयोग परिवारा’ने ही वाट कधीच दाखवून दिली आहे. उसाची चिपाडं, पालापाचोळा आणि ओला कचरा कुजवला की पिंपात किंवा गोणीत भरायला हलकी, भुसभुशीत माती मिळते आणि स्लॅबवर फार भारही पडत नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२पासून स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावरच बाग फुलवली. तेव्हा हे इथे होत नाही, असं कुणी म्हणू नये.

यातून घरचा भाजीचा खर्च सुटेल असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. कांदे-बटाटे बाजारातूनच येणार. पण भाव चढले की गरिबाच्या घरात आधी पालेभाजी बंद होते, आणि नेमकी तीच गच्चीवर सहज येते. मेथी, लाल माठ महिन्याभरात खुडायला येतात. मुंबईच्या जुलैत पालेभाजी सडते, म्हणून पेरणी दसऱ्यानंतरच करावी.

असे उपक्रम बंद पडतात ते मात्र सुट्टीमुळे. रसवंत्या जोरात चालतात उन्हाळ्यात, म्हणजे चिपाडं तेव्हाच गोळा करायची. रोपांना दोन वेळा पाणी लागतं तेही तेव्हाच. आणि नेमके त्याच वेळी विद्यार्थी परीक्षा संपवून गावी गेलेले असतात. जूनमध्ये परत येऊन बघावं तर पिंपांत वाळलेल्या काड्या! म्हणून बाहेरून येणाऱ्या पथकापेक्षा त्याच इमारतीत राहणारी महाविद्यालयीन मुलं-मुली या कामाच्या मुख्य हव्यात. लॉस एंजेलिसमध्ये १९९२च्या दंगलीनंतर क्रेनशॉ हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी शाळेची ओसाड बाग पुन्हा लावली. भाजी विकली, काही गरजूंना दिली, पुढे सॅलडवर घालायचं ड्रेसिंग विकून कॉलेजच्या शिक्षणासाठी पैसा उभा केला. ती मुलं त्याच भागातली होती. गोवंडीतही महाविद्यालयात जाणारी मुलं कमी नाहीत. त्यांना आपण नेहमी ‘लाभार्थी’ म्हणूनच मोजतो, हे काही बरं नाही.

अडचण कुलपाची आहे. सोसायट्या गच्ची उघडत नाहीत, कारण त्यांना गळतीची धास्ती असते आणि ती खोटीही नाही. तेव्हा बाग लावण्याआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि वर एक नळ एवढं पालिकेने करून द्यावं. पिंपं तुळयांवर आणि विटांवर टेकवून ठेवायची, ही जबाबदारी पथकाने घ्यावी. आणि वस्तीतल्या विद्यार्थ्यांनी मे महिन्यात केलेलं काम त्या १२० तासांत धरलं जाईल, असं परिपत्रक विद्यापीठाने काढावं. ते मार्चच्या आत निघालं, तर या उन्हाळ्यातली चिपाडं वाया जाणार नाहीत.

— एक निवृत्त शिक्षक, चेंबूर