तारीख ठरवून मग लिहिते आहे

ती. आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

येत्या गुरुवारी माझ्या पायाची दुसरी शस्त्रक्रिया आहे. तुम्हाला आधी विचारायला हवे होते, हे मला कळते. पण विचारले असते तर बाबा त्याच रात्री एसटीत बसले असते.

नडगीचे हाड मोडून दहा महिने झाले, तरी एक्स-रेमध्ये मोडीच्या जागी ती काळी रेघ तशीच आहे. गेल्या तीन महिन्यांच्या फिल्म शेजारी शेजारी धरल्या तर नवी कुठली आणि जुनी कुठली, हेही ओळखू येत नाही. पहिल्या डॉक्टरांचे त्यात काही चुकले नाही. नडगीवर कातडीखाली लगेच हाडच लागते, घोट्याकडच्या भागाला रक्तपुरवठाही कमी, म्हणून तिथली मोड जुळायला रेंगाळते. आता पहिल्या शस्त्रक्रियेत हाडाच्या आत घातलेला रॉड काढून, हाडाची पोकळी खरवडून, एक-दोन मिलिमीटरने जाड रॉड घालतील. त्याने मोडीची हालचाल थांबते, आणि खरवडताना निघालेला हाडाचा भुगा नवे हाड धरायला उपयोगी पडतो. गरज वाटलीच तर कमरेच्या हाडाचे थोडे तुकडे काढून तिथे भरतील. जंतुसंसर्ग असल्याचे रक्ताच्या तपासणीत दिसले नाही, तरी आतला नमुना प्रयोगशाळेत पाठवणार आहेत. बाबा, तुम्ही विचारलेल्या इलिझारोव्हच्या कड्या, म्हणजे पायाभोवती बाहेरून तारांनी हाडाला जोडतात त्या, मुख्यतः जंतुसंसर्ग झाला असेल किंवा मधले हाडच कमी पडले असेल तेव्हा लावतात. माझे तसे नाही.

इथे काही अडत नाही. कमोडशेजारी दांडी बसवून घेतली आहे, डबा वेळेवर येतो, आणि आईचे नाचणीचे सत्त्व अजून अर्धा डबा शिल्लक आहे. आई, तू पाठवलेला हाडजोडीचा लेप मी लावला नाही, हे आज कबूल करते. पण रात्री पाय ठणकतो तेव्हा तो डबा उघडून वास घेते, आणि विहिरीच्या पायरीवरून घसरले त्या दिवशी बाबांनी पंचा फाडून बांधलेली ती पट्टी आठवते.

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत तंबाखूचे विचारले, कारण त्याने हाड जुळायला उशीर होतो. मी "नाही" म्हटले आणि बाबांची चंची डोळ्यांसमोर आली. बाबा, ती आता आईकडे द्यावी. आईने रक्तदाबाची गोळी उपवासालाही चुकवू नये. न्हाणीतल्या ओल्या फरशीवर दोघांनीही चपलेशिवाय जाऊ नये. घरात एक पाय मोडला तेवढा पुरे. दिवाळीला मीच येईन, काठी घेऊन का होईना, तोवर तुम्ही निघायचे नाही.

गुरुवारी दुपारी फोन चार्ज करून जवळ ठेवा, नेहमीसारखा देवघरात नको.

तुमची,
ताई