रविवारी मॉडेल रेल्वेचा डबा बांधायचा आहे: सामानाची आठवण

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी 10 वाजता नेहमीच्या हॉलवर माथेरानच्या छोट्या रेल्वेगाडीच्या डब्याचं मॉडेल बांधायला घेतोय. मूळ गेज (दोन रुळांमधलं अंतर) 610 मिमी, आपल्या मॉडेलच्या रुळांचं 45 मिमी. म्हणून प्रमाण 1:13.5 धरा.

- सनबोर्डची (फोमच्या हलक्या बोर्डची) नवी शीट घेऊ नका. दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्यांकडे 3 मिमीचे उरलेले तुकडे पडून असतात, आधी तिथे विचारा. फळ्यांच्या रेघा संपलेल्या बॉलपेनने दाबून काढायच्या. रंग दिल्यावर अगदी लाकडी डबा दिसतो.
- चाकांवर मात्र काटकसर नको. प्लास्टिकच्या चाकांवर डबा हलका राहतो आणि वळणावर घसरतो. धातूचीच घेऊ. एकत्र मागवली तर कुरिअर वाटून जाईल, नावं शुक्रवारपर्यंत कळवा.
- कटर, स्टीलची पट्टी आपापली आणा.

मुलांना जरूर आणा, कटर मात्र मोठ्यांच्याच हाती.