अँटिव्हायरस पूर्ण काढून देण्याची जबाबदारी कंपनीचीच

संपादक महोदय,

घरच्या कॉम्प्युटरवरून अँटिव्हायरस काढून टाकणे हे कोणत्याही ग्राहकाला स्वतः जमेल इतके सोपे असले पाहिजे. आज ते तसे नाही. याचा जाब कंपन्यांना आणि विक्रेत्यांना विचारायला हवा, म्हणून हे पत्र.

मी काळाचौकीला राहते आणि आसपासच्या दुकानदारांचे जीएसटीचे काम घरून करते. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर, बँकांची स्टेटमेंट, लोकांची पॅन-आधारची कागदपत्रे असे सगळे एकाच मशीनवर आहे. मशीन घेतले तेव्हा दुकानदाराने न विचारताच एक ट्रायल अँटिव्हायरस त्यात टाकून दिला होता. मुदत संपल्यावर 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे' अशी लाल चौकट वरचेवर कोपऱ्यातून वर यायला लागली. जीएसटीचे थ्री-बी हे मासिक विवरणपत्र भरायची २० तारीख तोंडावर आलेली आणि टॅली उघडायलाच मशीन अडून बसायचे. शेवटी कंट्रोल पॅनेलमधून रीतसर अनइन्स्टॉल केला. काम पूर्ण झाल्याचा मेसेज आला, मशीन रीस्टार्ट केले.

तरी तो गेला नव्हता. विंडोज सिक्युरिटी उघडून पाहिले, तर 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'खाली अजून त्याच कंपनीचे नाव, पुढे मुदत संपल्याची सूचना आणि विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, बंद. प्रोग्रॅम फाइल्समध्ये त्याचे फोल्डर तसेच पडलेले. ते डिलीट करायला गेले की 'अ‍ॅक्सेस डिनाइड'.

खरा धोका इथे आहे. विंडोज ८ पासून डिफेंडर विंडोजसोबतच येतो, त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत. बाहेरचा अँटिव्हायरस बसवला की तो आपणहून बाजूला होतो आणि बाहेरचा काढला की पुन्हा सुरू होतो. पण जुन्याची नोंद पुसली गेली नाही, तर विंडोजला वाटत राहते की तो अजून कामावर आहे. सोसायटीतला वॉचमन नोकरी सोडून गेला, पण रजिस्टरवर नाव तसेच राहिल्यामुळे दुसरा नेमलाच नाही, असा हा प्रकार. जुने संरक्षण गेलेले, नवे आलेले नाही आणि घरातल्या कोणाला त्याचा पत्ता नाही. माझ्या मशीनवर दुसऱ्यांचे आर्थिक व्यवहार आहेत, त्यामुळे हे दिसल्यावर मला झोप लागणे कठीण होते.

अँटिव्हायरस इतका खोल का रुततो, यालाही कारण आहे. उघडणारी प्रत्येक फाइल तपासायची, तर त्याला विंडोजच्या गाभ्यात स्वतःचे ड्रायव्हर (विंडोजच्या आतून चालणारे छोटे प्रोग्रॅम) बसवावे लागतात. आणि व्हायरसने त्यालाच बंद पाडू नये म्हणून तो स्वतःच्या फाइल्सना कोणाला हात लावू देत नाही. हे योग्यच आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण तो इतका खोल जातो हे कंपनीला ठाऊक असते, तेव्हा मुळासकट काढण्याची सोयही तिनेच समोर ठेवायला हवी.

सोय असते, पण लपलेली. मॅकॅफीचे एमसीपीआर, अव्हास्टचे अव्हास्ट क्लिअर अशी खास काढण्याची टूल्स कंपन्यांनीच बनवली आहेत. ती सपोर्टच्या पानांमध्ये कुठेतरी असतात, अनइन्स्टॉलच्या शेवटच्या स्क्रीनवर त्यांचा उल्लेखही नसतो. नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्याने तर मशीन बघताक्षणी 'फॉरमॅट मारावा लागेल' म्हणून सांगितले. मी ते ऐकले नाही. शेजारच्या इंजिनीअरिंगच्या मुलीने कंपनीच्या साइटवरून टूल उतरवले. टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेतला, शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट केले, ट्रबलशूटमधून स्टार्टअप सेटिंग्जमध्ये जाऊन सेफ मोड (फक्त अत्यावश्यक गोष्टींवर विंडोज सुरू करण्याची पद्धत) घेतला आणि तिथे टूल चालवले. पुन्हा मशीन सुरू केले तेव्हा ते नाव गेले होते आणि डिफेंडर चालू झाला होता. (काही मशीनवर या वाटेने जाताना बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती आधी हाताशी ठेवावी, नाहीतर काम तिथेच अडते.)

हे टूल कंपनीच्या अधिकृत साइटखेरीज कुठूनही घेऊ नये. सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातींवर आणि 'या नंबरवर फोन करा' म्हणणाऱ्या पॉप-अपवर विसंबू नये. आमच्या चाळीतल्या ज्येष्ठ मंडळींना मी हे पुन्हा पुन्हा सांगते. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. सॉफ्टवेअर काढले म्हणजे वर्गणी थांबली असे नाही. ऑटो-रिन्यूअल कंपनीच्या खात्यात जाऊन वेगळे बंद करावे लागते. कार्डावरून असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नये.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न', म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या किंवा अडकवणाऱ्या ऑनलाइन युक्त्या, रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यातल्या १३ प्रकारांत वर्गणी सोडणे अवघड करून ठेवणे आहे, सतत पिच्छा पुरवणे आहे आणि व्हायरसची खोटी भीती घालून पैसे काढणेही आहे. सॉफ्टवेअर अर्धवट काढून 'काम झाले' म्हणणे मात्र त्यात स्पष्टपणे नाही. ते घालावे, अशी माझी प्राधिकरणाला विनंती आहे. काढण्याचे पूर्ण टूल अनइन्स्टॉलच्या बटणामागेच असावे आणि डिफेंडर सुरू झाला की नाही हे शेवटी ग्राहकाला दाखवले जावे. लॅमिंग्टन रोडपासून उपनगरांपर्यंतच्या विक्रेत्यांनीही ग्राहकाला विचारल्याशिवाय ट्रायल टाकू नये. ज्यांना हा त्रास झाला आहे त्यांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवावी.

– एक वाचक, काळाचौकी, मुंबई