तू तिथं कायमचा नसशील

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. चर्चच्या पाळकांनी तुला तिथला तरुण संघ सांभाळशील का असं विचारलं आणि तू "प्रार्थना करून सांगतो" म्हणून वेळ मागून घेतलास, हे वाचून हसू आलं. हे वाक्य आपण कधी वापरतो ते आपल्या दोघांनाही चांगलं माहीत आहे! असो. शिकता शिकता ही सेवा झेपते का आणि मला त्यातून काय मिळालं, असं तू विचारलं आहेस. झेपते. पण कशी, ते फोनवर धड सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसलोय. पत्र लांबणार, आधीच सांगून ठेवतो.

विद्यार्थ्याच्या सेवेला पहिल्याच दिवशी शेवटची तारीख चिकटलेली असते. पदवी हातात पडली की तू नोकरीसाठी नाहीतर पुढच्या शिक्षणासाठी निघून जाशील. पाळक एका मंडळीत, म्हणजे एका चर्चमध्ये, वर्षानुवर्षं राहू शकतात, तुझ्याकडे फार तर दोन-तीन वर्षं आहेत. मला आधी ही मोठी अडचण वाटायची. आता वाटतं, हाच आपला सगळ्यात चांगला सल्लागार. काहीही ठरवताना स्वतःला विचारायचं: मी गेल्यावर यातलं काय चालू राहील?

बायबलमधल्या शमुवेलाची गोष्ट आपण संडे स्कूलमध्ये कितीदा ऐकली असेल! तेव्हा सगळं लक्ष शमुवेलाकडे असायचं. मुलांबरोबर काम करायला लागल्यावर मी त्याला सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे बघू लागलो. पोरगं रात्री धावत येतं, म्हणतं, तुम्ही हाक मारलीत ना? एली म्हणतो, नाही रे, जा, झोप. पुन्हा येतं, पुन्हा परत पाठवतो. तिसऱ्यांदा म्हाताऱ्याच्या ध्यानात येतं की हाक परमेश्वराची आहे. मग काय उत्तर द्यायचं ते शिकवून तो पोराला त्याच्या जागी परत पाठवतो, स्वतः काही मागोमाग जात नाही. एली आदर्श वगैरे नव्हता. स्वतःच्या मुलांना त्याला आवरता आलं नाही, हे त्याच पुस्तकात लिहिलंय. तरी त्या रात्रीचं काम त्यानं चोख केलं.

तरुण संघातली मुलं अशीच तुझ्याकडे धावत येतील. तू त्यांच्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा, गिटार वाजवणारा, त्यांच्यासारखंच बोलणारा. महिन्याभरात तू सगळ्यांचा दादा होशील, आणि आई-वडिलांनी दहा वेळा सांगितलेली गोष्ट "दादा म्हणाला" म्हणून एका दिवसात पटेल. फार सुखावतं ते. तिथंच सावध राहायचं. ज्याचा विश्वास दादावर बसलाय, त्याचा दादा गाव सोडून गेला की काय होतं, ते मी दुसऱ्या एका संघात पाहिलंय. वर्षभरात तिथे कुलूप लागलं. तो दादा वाईट नव्हता, फार चांगला होता. सगळं स्वतः करायचा, एवढंच.

आता संख्येचं. शिबिरावरून आलास की मंडळीतला प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारेल, "किती आले होते?" कोण आलं होतं, असं विचारणारे कमी. तुला 1886 चं माउंट हरमनचं शिबिर आठवतं का? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये सुवार्तिक ड्वाइट मूडी यांनी भरवलेलं. 251 विद्यार्थी जमले होते आणि निघेपर्यंत त्यातल्या 100 जणांनी परदेशी मिशनसेवेला जाण्याची तयारी दाखवली. त्यात कॉर्नेल विद्यापीठाचा जॉन मॉट होता, वय 21. त्यानेच पुढे 1895 मध्ये जागतिक ख्रिस्ती विद्यार्थी महासंघ उभा करण्यात पुढाकार घेतला आणि 1946 मध्ये त्याला शांततेचं नोबेल मिळालं. युवकांच्या सभेत ही गोष्ट ऐकून माझ्याही अंगावर काटा आला होता. पण मुलं सांभाळायला लागल्यापासून मला उरलेल्या 151 जणांचीच उत्सुकता जास्त आहे. त्यांच्यात डॉक्टर झाले असतील, मास्तर झाले असतील, कुणी आजारी आईसाठी घरी थांबला असेल. त्यांना त्या शिबिरात काहीच मिळालं नाही असं कोण म्हणेल? शेवटच्या रात्री हात वर करणाऱ्यांची नावं आपण लिहून घेतो. हात खाली ठेवून बसलेल्यांशी दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत बोलायला तू जा.

आणि मोठ्या गोष्टींची सुरुवात बघशील तर चकित होशील. 1844 मध्ये जॉर्ज विल्यम्सने लंडनमध्ये वायएमसीए ही ख्रिस्ती तरुणांची संघटना सुरू केली तेव्हा तो 22 वर्षांचा होता, कापडाच्या दुकानात नोकरी करणारा. सोबतचे धरून अवघे बारा जण, तेही बहुतेक त्याच धंद्यातले. ही पोरं दिवसभर राबायची आणि दुकानाच्या वरच्या खोल्यांत दाटीवाटीनं राहायची. संध्याकाळी जायला बरी जागा नाही, बोलायला कुणी नाही. विल्यम्सला हे कुणी अहवाल लिहून कळवलं नव्हतं, तो त्यांच्यातच राहत होता. तुझंही भांडवल तेच आहे. परीक्षेची धास्ती, घरच्यांच्या अपेक्षा, मित्रांच्या टोळीत एकटं पडणं, यातलं काहीही तुला कल्पनेनं समजून घ्यावं लागणार नाही.

शिकवण्याबद्दल थोडंच लिहितो. लांबण लावू नकोस. त्रोवस गावी प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख झोपेत तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, हे बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत नोंदलेलं आहे आणि ते उगाच नोंदलेलं नसावं. पौलाने त्याला जिवंत उठवलं, वर जाऊन पहाटेपर्यंत पुन्हा बोलला. आपण पौल नाही. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं, हे मात्र शिकून घे. ती शांतता आपल्यालाच असह्य होते आणि आपणच उत्तर देऊन मोकळे होतो. थांबलास तर मागच्या रांगेतून कुणीतरी बोलतंच. गाण्यांचंही असंच. मोठी मुलं तोंड हलवतात पण आवाज येत नाही, तेव्हा त्यांच्या भक्तीवर शंका घेण्याआधी पट्टी खाली घेऊन बघ. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांचा आवाज फुटत असतो. वरचे सूर लागत नाहीत आणि चारचौघांत फाटक्या आवाजाचं हसं नको म्हणून ते गप्प राहतात. आम्ही पट्टी उतरवली आणि दुसऱ्याच रविवारी मागचा बाक गायला लागला.

आता एका मुलाबद्दल. बायबल अभ्यासाला तो भिंतीला टेकून बसायचा आणि बुटाची लेस सोडायचा, बांधायचा, परत सोडायचा. काही विचारलं की मान हलवायची, बस. पण संपल्यावर खुर्च्या रचायला मात्र थांबायचा. एकदा अशाच खुर्च्या उचलता उचलता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "दादा, प्रार्थना करूनही माणूस मरतोच ना? मग करायची कशाला?" माझ्या जिभेवर रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं वचन तयार होतं. ते गिळलं आणि विचारलं, "कोण गेलं?" आजोबा गेले होते. आजार लांबला होता, घरात रोज रात्री सगळे मिळून प्रार्थना करायचे, आणि याला वाटायचं की आपणच झोपेत पेंगत होतो म्हणून देवानं ऐकलं नसेल. बोलता बोलता खुर्च्या संपल्या. त्यानं इकडे तिकडे पाहिलं, रचलेल्या थप्पीतल्या दोन खुर्च्या परत खाली काढल्या आणि एक माझ्याकडे सरकवली.

त्या संध्याकाळी मी त्याला एवढंच सांगितलं की तुझ्या पेंगण्यामुळे आजोबा गेले नाहीत, आणि मित्र लाजराच्या कबरेकडे जाताना येशूही रडला होता. बाकी ऐकत राहिलो. दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस जमिनीवर त्याच्याजवळ बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत, तोवर ते किती चांगले मित्र होते बघ. तोंड उघडलं आणि बिघडलं. शंका विचारणाऱ्याला "विश्वास वाढव" म्हणून गप्प करणारे पुढारी मी पाहिलेत. ती मुलं प्रश्न सोडत नाहीत, आपल्याला विचारणं सोडतात. थोमाची गोष्ट त्यांना वाचून दाखव. येशू पुन्हा उठला यावर विश्वास बसत नाही असं त्यानं तोंडावर सांगितलं, तरी आठ दिवसांनी तो बाकीच्या शिष्यांबरोबर त्याच घरात होता. कुणी त्याला बाहेर काढलं नव्हतं.

पण ऐकण्यालाही कुंपण लागतं, आणि हे मी तुला मोठा भाऊ म्हणून बजावून सांगतोय. "कुणाला सांगणार नाहीस ना?" असं मूल विचारेल. ते वचन कधीही द्यायचं नाही. मारहाण, कुणी नको तसा हात लावणं, जीव नकोसा होणं, यातलं काहीही निघालं तर ते जबाबदार मोठ्या माणसापर्यंत न्यावंच लागतं, आणि ते तू त्याला बोलणं सुरू होतानाच प्रेमानं सांग. आरोप आपल्याच ओळखीच्या माणसावर असला, मंडळीतल्या वजनदार घरावर असला, तर जास्तच. "मंडळीची बदनामी नको" हे कारण कुणी पुढे केलं तर ऐकून घेऊ नकोस. तू त्या मुलाचा डॉक्टरही नाहीस आणि पोलिसही नाहीस. ऐकायचं, धीर द्यायचा, योग्य हाती सोपवायचं, आणि नंतरही त्याच्याशी पूर्वीसारखंच बोलायचं. एकट्या मुलाशी किंवा मुलीशी दार लावून बसायचं नाही, रात्री उशिरा खासगी मेसेज नाहीत, शिबिरात मुलींसाठी एखाद्या ताई हव्यातच. शिबिराच्या पैशांचंही तेच: मोजायला दोघं, लिहून ठेवायला वही. कुणी याला संशयीपणा म्हणेल, म्हणू दे.

अभ्यासाची काळजी तू पत्रात तीनदा लिहिली आहेस. इथ्रोनं मोशेला सांगितलेलं आठव. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसलेल्या जावयाला सासऱ्यानं स्पष्ट सांगितलं, हे बरं नाही, तू झिजून जाशील आणि लोकही. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेमले गेले. तू दहांवरचा नायक हो, विद्यार्थ्याला तेवढं पुष्कळ आहे. परीक्षेच्या आठवड्यांत येणार नाही असं आधीच सांगून टाक. अभ्यास बुडवून केलेल्या सेवेचं मला कौतुक नाही. मुलं बघत असतात, आणि त्यांच्या घरचेही.

एक गोष्ट आतली आहे. पवित्र शास्त्र उघडलं की मनात लगेच सुरू होतं, हे रविवारी सांगता येईल, हे शिबिरासाठी छान आहे. वचन वाचायचं ते दुसऱ्याला देण्यासाठीच, अशी सवय लागते, आणि ती लागलेली आपल्याला कळतही नाही. मी एक पुस्तक बाजूला ठेवायचो, ज्यावर कुठेही बोलायचं नाही. स्तोत्रं बहुतेक. तेवढं माझं.

आणि काम सोडून द्यायला सुरुवात लवकर कर. सतरा वर्षांच्या मुलीला अभ्यास घ्यायला दे. ती तुझ्यापेक्षा वाईट घेईल, मध्येच अडखळेल, दहा मिनिटांत संपवेल. घेऊ दे, आणि मध्ये बोलू नकोस. कुणी जबाबदारी घेऊन अर्ध्यात सोडून जाईल. पौलाबरोबर सेवेला निघालेला मार्कही पंफुल्याहून अर्ध्या वाटेत परत गेला होता, आणि पौल त्याला पुन्हा न्यायला तयार नव्हता. पौलाचा जोडीदार बर्णबा, त्याने त्याला बरोबर घेतलं. पुढे तोच पौल लिहितो, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. संघात पौल होण्याची हौस सगळ्यांना असते, बर्णबाची जागा बहुधा रिकामी असते.

तेव्हा माझं मत विचारशील तर हो म्हण. पण त्याआधी पाळकांकडून दोन गोष्टी पक्क्या करून घे. बरोबर मंडळीतलं एक मोठं माणूस, निदान एक ताई, नावापुरती नाही, दर आठवड्याला येणारी. आणि तुझ्यानंतर कोण, याचा विचार आत्तापासून. दुसरा प्रश्न ऐकून ते जरा चमकतील, "अजून सुरुवात तरी कर" म्हणतील. तरी विचारच.

पहिल्या आठवड्यात फार तयारी करू नकोस, सगळ्यांची नावं पाठ कर. गाण्यांची वही मी जपून ठेवली आहे, खालच्या पट्टीतले सूर पेन्सिलने लिहिलेले आहेत. पाळकांचं उत्तर आलं की कळव, लगेच पाठवतो. आईला सलाम सांग.

तुझा मित्र