आढ्यावरचे दोन इलेक्ट्रॉन

प्रिय ताई,

गणपतीत तू गावी होतीस. घर पाहुण्यांनी भरलेलं, रेंज फक्त विहिरीपाशी. तरी माझ्या भौतिकशास्त्राच्या सेमिनारपायी पाऊण तास तिथल्या कठड्यावर बसून राहिलीस. फोनवर आभार मानले की तू विषय बदलतेस, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

मी १.१२७ हा आकडा नुसता पाठ केला होता. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सुटायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा लागते. त्याहून जेमतेम जास्त ऊर्जेचा इलेक्ट्रॉन आदळला, तर आयनीभवनाची, म्हणजे अणूतला इलेक्ट्रॉन सुटण्याची शक्यता वरकड ऊर्जेच्या १.१२७ व्या घातानं वाढते. हा भौतिकशास्त्रज्ञ वॉनियरचा नियम, १९५३ चा. "सरळ १ का नाही?" तू विचारलंस आणि माझी दातखीळ बसली.

मग तू कॅमेरा कौलांकडे वळवलास. आदळलेला आणि सुटू पाहणारा, दोन्ही इलेक्ट्रॉन विरुद्ध दिशांना, केंद्रकापासून सारख्याच अंतरावर चाललेत, तोवर त्यांची जोडी म्हणजे आढ्याच्या रेषेवरून घरंगळणारी गोटी. एक जरा पुढे सरकला, की मागचा केंद्रकाची ओढ झाकतो आणि पुढच्याचं आयतंच फावतं. तो लांब गेला, की मागच्याला बाहेर ढकलणारं त्याचं प्रतिकर्षणही ओसरतं. मागचा अणूत परत पडतो; आयनीभवन फसलं. "वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही," तू म्हणालीस. वरकड ऊर्जा जितकी कमी, तितके दोघं रेंगाळणार आणि तितकी घसरायला संधी जास्त! वरकड ऊर्जा दहावा हिस्सा केली, तर १ घातानं शक्यता १० टक्के उरली असती. इथे साडेसातच्या आसपास उरते. हा हिशेब तू मला तोंडी करायला लावलास, कॅल्क्युलेटरला हात न लावता. (लॉगचं कोष्टक आठवत नव्हतं, हे आता कबूल करतो.)

मी कुरकुरलो, की वॉनियरनं अभिजात, म्हणजे न्यूटनची यांत्रिकी वापरली, इलेक्ट्रॉनला ती कशी चालेल? तू म्हणालीस, १९७१ साली पीटरकॉप आणि राऊ यांनी क्वांटमच्या वाटेनं जाऊन तोच घात काढला, ते आधी वाच. वाचलं. निम्मं कळलं.

सेमिनारमध्ये मँचेस्टरचा १९७४ चा प्रयोग दाखवला. त्स्वेयानोविच आणि रीड यांना हेलियमवर १.१३१ मिळाला होता, ०.०१९ इकडे-तिकडे. लगेच प्रश्न आला, हायड्रोजनचा घात हेलियमला कसा लागू? तुझ्यामुळे उत्तर तयार होतं. हेलियमच्या दोन इलेक्ट्रॉनांपैकी एक मागे उरतो, त्यामुळे दुरून तो आयनही (एक इलेक्ट्रॉन गमावलेला अणू) एकाच प्रभाराचा दिसतो. प्रकाशानं हेलियमचे दोन्ही उडवले, की उरतं उघडं केंद्रक, प्रभार २. तिथे घात १.०५६ वर येतो. विचारणाऱ्यांनी मान डोलावली आणि मी पाणी प्यायलो.

आजींना सांग, फोनवर मागून ओरडत होत्या त्या उकडीच्या मोदकांचा माझा वाटा अजून बाकी आहे. आणि आढ्याजवळचं ते फुटकं कौल बदललंत का?

तुझा,
विहिरीपलीकडचा विद्यार्थी