समुद्रात उतरता न येणारी समुद्रसहल : तक्रार आणि परताव्याची मागणी

रत्नागिरी
दि. 15 डिसेंबर 2025

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
परदेश सहल विभाग,
पुणे

विषय : ऑस्ट्रेलियातील केर्न्स-पाम कोव्ह सहलीबाबत महत्त्वाची माहिती दडवल्याबद्दल

महोदय,

आपल्या कंपनीकडून मी ऑगस्टमध्ये माझ्यासाठी आणि मुलीसाठी केर्न्स शहर आणि जवळचा पाम कोव्ह किनारा अशी सहल घेतली. बिल 2,40,000 रुपयांचे. सहल नोव्हेंबरच्या उत्तरार्धात झाली. परत आल्यावर मी फोनवर तक्रार केली, तेव्हा मला 'नैसर्गिक कारण' असे उत्तर मिळाले आणि पुढच्या सहलीवर 5,000 रुपयांच्या सवलतीचे कूपन ईमेलने आले. ते मी स्वीकारलेले नाही. का स्वीकारले नाही, ते सविस्तर लिहिते.

मुलगी एका सेमिस्टरसाठी ब्रिस्बेनला शिकायला गेली होती. परीक्षा संपल्या की मी तिकडे जायचे, दोघींनी समुद्रावर निवांत राहायचे आणि मग बरोबरच घरी परतायचे, असे ठरले होते. तिच्या मनात गोल्ड कोस्टचा किनारा होता. ब्रिस्बेनहून ट्रेन आणि ट्रामने जाता येते, खर्चही थोडका. आपल्या प्रतिनिधीने मात्र ते मोडीत काढले. त्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप माझ्याकडे जपून ठेवलेला आहे : "गोल्ड कोस्ट सगळेच करतात काकू. केर्न्सला जा, तिकडचं पाणी कसं कोमट असतं. हॉटेलच्या दारातून निघालात की थेट समुद्रात. मुलीला सांगा, दिवसभर डुंबायचं."

मी जन्मापासून रत्नागिरीत राहते. मुलगी भाट्याच्या किनाऱ्यावर पोहायला शिकली. समुद्राला मोसम असतो, हे आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. म्हणूनच पैसे भरण्याआधी मी लेखी विचारले होते की नोव्हेंबरअखेर तिकडे समुद्रात उतरता येते ना, लाटा, ओढ, आणखी काही भानगड नाही ना? उत्तर आले : "एकदम बिनधास्त." पुढे अंगठ्याचे चित्र.

पाम कोव्हला आम्ही सकाळी पोहोचलो. जागा देखणी आहे, यात वाद नाही. किनाऱ्याला लागून मेलाल्युकाची जुनी, कागदासारखी साल सुटणारी झाडे, पलीकडे जेट्टी, स्वच्छ वाळू. हॉटेलही चांगले होते, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मुलगी टॉवेल घेऊन तशीच खाली धावली आणि पाचव्या मिनिटाला परत आली. किनाऱ्यावर पिवळी पाटी होती, तिच्यावर जेलीफिशच्या विळख्यात सापडलेल्या माणसाचे चित्र. शेजारच्या खांबाला व्हिनेगरची बाटली. थोड्या अंतरावर मगरीची पाटी, इंग्रजी, जर्मन आणि चिनी भाषांत. मराठी नव्हती, पण चित्र पुरेसे बोलके होते.

तिथल्या जीवरक्षकाने आम्हाला जे दोन मिनिटांत समजावले, ते आपल्या कंपनीला ऑगस्टपासून सांगता आले नाही. केर्न्स ज्या भागात आहे, त्या उत्तर क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबर ते मे हा विषारी जेलीफिशचा मोसम असतो. बॉक्स जेलीफिशचे तंतू तीन मीटरपर्यंत लांब असतात आणि त्याच्या दंशाने माणूस दगावू शकतो. इरुकांजी नावाचा दुसरा प्रकार जेमतेम नखाएवढा. दंश झाला तेव्हा फारसे कळतही नाही, पण अर्ध्या तासाने पाठीत असह्य कळा येतात, उलट्या होतात, रुग्णालय गाठावे लागते. म्हणून या दिवसांत लोक किनाऱ्याजवळ बांधलेल्या जाळीच्या आतच पोहतात. जाळीने मोठा बॉक्स जेलीफिश अडतो, नखाएवढा इरुकांजी अडेलच याची खात्री नाही. त्यामुळे तिथेही लायक्राचा, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या पातळ कापडाचा, अंगभर सूट घालायला सांगतात. जीवरक्षक रोज पाण्यातून छोटे जाळे ओढून बघतात आणि काही सापडले की किनारा बंद. आम्ही असताना एक दिवस तो बंद झालाही. बाकीच्या दिवशी त्या चौकोनी जाळीत इतर पर्यटकांच्या गर्दीत उभे राहणे, एवढाच काय तो आमचा समुद्र. ज्या कोमट पाण्याचे आपल्या प्रतिनिधीला एवढे कौतुक, त्याच पाण्याच्या मोसमात हे जेलीफिश किनाऱ्याला येतात.

आता आपल्या 'नैसर्गिक कारणा'कडे येते. आपल्या ईमेलमध्ये 'अनपेक्षित नैसर्गिक परिस्थिती' असे शब्द आहेत. यात अनपेक्षित काय? केर्न्सचे डॉक्टर ह्यूगो फ्लेकर यांनी या दंशाने होणाऱ्या विकाराला इरुकांजी हे नाव दिले ते 1952 साली, केर्न्सच्या उत्तरेच्या किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांवरून. म्हणजे आपण आम्हाला जिथे पाठवले, त्याच पट्ट्यातल्या. 1961 साली केर्न्सचेच डॉक्टर जॅक बार्न्स यांनी विकाराचे मूळ हेच आहे हे सिद्ध करायला तो छोटा जेलीफिश पकडून स्वतःला, आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला आणि एका जीवरक्षकाला दंश करवून घेतला आणि तिघेही रुग्णालयात पोहोचले. (मुलावर कसला प्रयोग करायचा, हे माझ्यातल्या आईला आजही पटत नाही, पण तो विषय वेगळा.) साठ वर्षांहून अधिक काळ सिद्ध झालेली, दरवर्षी ठरल्या महिन्यात येणारी गोष्ट अनपेक्षित कशी? जुलैमध्ये गणपतीपुळ्याला पोहण्याची सहल विकायची आणि मग पाऊस पडला तर त्याला नैसर्गिक आपत्ती म्हणायचे, तसला हा प्रकार.

फोनवर मला असेही ऐकवले गेले की ही माहिती इंटरनेटवर सहज मिळते, ग्राहकाने बघायला हवी होती. सहज मिळते ना? मग ती आपल्या माहितीपत्रकात का नाही? मी आपल्याला पैसे दिले ते मोसम बघून ठिकाण सुचवण्याचे. शिवाय मी लेखी विचारले होते.

माहितीपत्रकातील आणखी काही गोष्टी. पहिल्या दिवशी 'केर्न्सच्या बीचवर मोकळा वेळ' असे छापले आहे. केर्न्स शहरासमोर पोहण्याजोगा किनाराच नाही. ओहोटीला लांबवर नुसता चिखल दिसतो आणि पक्षी. त्यामुळेच तिथे 2003 साली नगरपालिकेने एस्प्लनेडवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, खाऱ्या पाण्याचा मोठा कृत्रिम तलाव ('लगून') बांधला. तो छान आहे. मुलगी मनसोक्त पोहली ती तिथे, समुद्रापासून चार पावलांवर, सिमेंटच्या काठावरून उतरून. आणि तो सर्वांना विनामूल्य आहे! तरी आपल्या बिलात 'लगून प्रवेश, दोन व्यक्ती' म्हणून 3,200 रुपये लावलेले आहेत. बँकेत आयुष्य गेले माझे. फुकट वस्तूची पावती फाडलेली पहिल्यांदाच पाहिली.

ग्रेट बॅरियर रीफची बोटीची सफर मात्र उत्तम झाली. बोटीवरचे लोक दक्ष होते, प्रवाळ पाहून मुलगी परीक्षेचा सगळा शीण विसरली. या वयात निळ्या लायक्रात माझा फोटो निघाला, तो नातेवाइकांच्या ग्रुपवर गाजतो आहे. सफरीच्या पैशांचा परतावा मी मागत नाही. पण 'सर्व करांसहित' असे छापलेले असताना रीफ उद्यानाचे प्रत्येक पर्यटकामागचे शुल्क आणि सूटचे भाडे आमच्याकडून बोटीवर वेगळे घेतले गेले. पावत्या जोडल्या आहेत. रीफचे हे शुल्क 1993 पासून आहे, तेव्हा तेही 'अनपेक्षित' म्हणू नये.

आपल्या '24 तास मदत' क्रमांकाबद्दल थोडक्यात. क्वीन्सलंड भारताच्या साडेचार तास पुढे आहे. किनारा बंद असल्याचे कळल्यावर तिथल्या सकाळी साडेसातला मी फोन केला, तेव्हा पुण्यात पहाटेचे तीन वाजले होते. फोन वाजून वाजून बंद झाला. परत कोणी फोन केला नाही.

आणि टीसीएस. परदेश सहलीवर त्या वेळी लागू असलेला पाच टक्के टीसीएस (विक्रेत्याने ग्राहकाकडून घेऊन सरकारकडे भरायचा आयकर) म्हणून आपण माझ्याकडून 12,000 रुपये घेतले. पैसे ऑगस्टमध्ये भरले, म्हणजे जुलै-सप्टेंबर तिमाहीचे विवरणपत्र आपण 15 ऑक्टोबरपर्यंत भरायला हवे होते आणि त्यानंतर पंधरा दिवसांत मला फॉर्म 27डी, म्हणजे टीसीएसचे प्रमाणपत्र, मिळायला हवा होता. आज माझ्या 26एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या माझ्या कराच्या नोंदीत, ही रक्कम दिसत नाही. सरकारच्या नावाने घेतलेला हा पैसा कुठे आहे, याचे उत्तर मला सवलतीच्या कूपनात नको आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(11) मध्ये सेवेतील त्रुटीची व्याख्या आहे. ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे हे त्याच व्याख्येत येते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या 2(28) मध्ये आहे. आपल्या अटींमध्ये 'वाद फक्त पुण्याच्या कक्षेत' असे बारीक अक्षरात छापले आहे, ते मी वाचले. कलम 34 प्रमाणे ग्राहक जिथे राहतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करू शकतो. मी रत्नागिरीत राहते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही लागत नाही आणि अर्ज ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती संकेतस्थळावर घरबसल्या करता येतो. मी निवृत्त आहे. मला वेळ भरपूर आहे.

माझ्या मागण्या अशा. बिलात 'बीच हॉलिडे' या नावाखाली स्वतंत्र दाखवलेले 96,000 रुपये पूर्ण परत मिळावेत. लगून प्रवेशाचे 3,200 रुपये, तसेच रीफ शुल्क आणि सूटचे भाडे पावत्यांप्रमाणे परत मिळावे. टीसीएस भरल्याचा पुरावा आणि फॉर्म 27डी मिळावा. भरला नसेल तर तो व्याजासह आजच भरावा. याशिवाय नोव्हेंबर ते मे या काळात केर्न्सकडची सहल विकताना जेलीफिशच्या मोसमाची सूचना माहितीपत्रकात पहिल्याच पानावर, वाचता येईल अशा अक्षरात छापावी. सेमिस्टर संपवून निघालेल्या मुलांना आपण ही सहल खास विकता. ती आईला बरोबर घेऊन येतीलच असे नाही, आणि पाटी न वाचता पाण्यात धावणारी असतात.

आपल्या प्रतिनिधीला कामावरून काढा, असे मी म्हणत नाही. मुलगा बोलायला गोड आहे. त्याला केर्न्सबद्दल कोणी काही शिकवलेलेच नसावे, आणि ते शिकवणे आपले काम होते.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आणि रक्कम मिळावी. रक्कम ज्या खात्यातून भरली, त्याच खात्यात जमा करावी. फोन करू नये. जे सांगायचे ते लिहून पाठवावे. सोळाव्या दिवशी मी आयोगाकडे अर्ज दाखल करीन.

आपली,
(सही)
सहलीची नोंदणी करणारी ग्राहक, रत्नागिरी

सोबत : बिल, माहितीपत्रक, व्हॉट्सअ‍ॅप संवादाच्या प्रती, बोटीवरील पावत्या, किनाऱ्यावरील पाट्यांचे फोटो, 26एएसची प्रत