मनीचं ऑपरेशन पुढे ढकलू नका

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आपल्या मनी मांजरीचा एक्स-रे पाहिला. छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याची कमानदार रेघ त्यात सलग दिसायला हवी. ती उजवीकडे तुटली आहे आणि छातीत आतड्यातल्या हवेची काळी वेटोळी दिसतात. गाडीचा धक्का बसला की पोटात एकदम दाब वाढतो आणि पडद्याचा मांसल भाग फाटतो. तिथून यकृत, आतडी वर सरकतात, फुप्फुसाला फुगायला जागा उरत नाही. आई, तिचं पोट खपाटीला गेलंय असं तू म्हणालीस ते याचमुळे.

बाबा, ती खाते-पिते हे खरं, म्हणून ऑपरेशन थांबवावंसं वाटतं. पण जठर त्या भोकातून वर जाऊन गॅसने फुगलं, तर काही तासांत जीव जाऊ शकतो. शिवाय फार दिवस गेले की आतले अवयव फुप्फुसाला चिकटतात, मग ते सोडवताना रक्तस्राव होतो.

ऑपरेशन होईतोवर ती झोपलेली असताना श्वास मोजा. छाती एकदा वर-खाली झाली की एक. मिनिटाला 30 च्या आत हवेत. तोंड उघडून धापा टाकू लागली किंवा हिरड्या निळसर दिसल्या तर रात्र असली तरी निघा. तिला उताणी करू नका, पोट दाबून उचलू नका. टोपलीत तिची डोक्याकडची बाजू उंच ठेवा.

भूल देण्याआधी तिला ऑक्सिजन देतील आणि झटपट श्वासनळीत नळी घालतील. पोट उघडलं की तिला स्वतःहून पुरेसा श्वास घेता येत नाही, म्हणून शेवटपर्यंत कुणीतरी त्या नळीला जोडलेली हवेची पिशवी दाबत राहावं लागतं. अवयव खाली घेताना भोक अरुंद वाटलं तर ते थोडं मोठं करायचं. यकृत ओढलं तर फाटतं. टाके पाठीकडच्या खोल टोकापासून पुढे येतात, हळू विरघळणाऱ्या धाग्याचे. उजवीकडे मोठी शीर पडद्यातून जाते, तिथे टाका आवळला तर रक्त अडतं.

सगळ्यात मोठी चूक शेवटी होते. दबून राहिलेलं फुप्फुस एका दमात फुगवलं, तर त्यात पाणी भरतं. मांजरांत हा धोका जास्त. छातीतली हवा हळूहळूच काढायची. पहिले 24 तास जोखमीचे, ते पार पडले की बहुतेक मांजरं छान बरी होतात. कातडीवरचे टाके 10 ते 14 दिवसांनी काढतील.

दवाखान्यात एवढंच विचारा: भूल सांभाळायला वेगळा माणूस आहे का, आणि पहिली रात्र तिच्याजवळ कोण थांबणार? उत्तर नाही आलं तर तारीख घेण्याआधी मला फोन करा.

तुमची,
ताई